नवी गाडी, नवे हात: मोटरसायकल चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर मी नव्या मुलामुलींना मोटरसायकल शिकवतो. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाडी "येत" असते. सुरू करता येते, गिअर टाकता येतात, कॉलेजला नेता येते. चाळीसच्या वेगात असताना मी समोर हात वर केला की मात्र गाडी कुठे जाऊन थांबेल, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. मैदानावर, फोनवर आणि पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

माझ्याकडे पक्कं लायसन्स आहे, तीन वर्षं गाडी चालवतोय. मला वेगळं काय शिकायचं आहे?

थांबणं. आरटीओच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, पाय न टेकता. त्यातून तोल कळतो आणि तो महत्त्वाचाच आहे. पण साठच्या वेगात समोर रिक्षा आडवी आली तर तुम्ही काय कराल, हे तिथे कोणी तपासत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटरसायकलचे ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. अपघात झालेल्यांना रस्त्यावरचा अनुभव सरासरी जवळपास तीन वर्षांचा होता, पण त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या हातात ती विशिष्ट गाडी येऊन पाच महिनेही झाले नव्हते. म्हणजे गाडी बदलली की अनुभवाचा बराचसा भाग पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागतो. आणि ९२ टक्के चालक स्वतःच शिकलेले, नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडे याहून वेगळं काय असतं? काकांनी किंवा शेजारच्या दादाने एका संध्याकाळी क्लच समजावून सांगितला, तेवढंच.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस गाडीवरून उलटतो, असं वडील सांगतात. खरं आहे का?

या समजापायी जितकी माणसं पडली आहेत तितकी पुढच्या ब्रेकपायी पडली नसतील, असं माझं मत आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. रस्त्याला घट्ट धरून असतं ते पुढचं चाक, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं सुमारे ७० टक्के काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर हलकं झालेलं चाक लगेच जाम होतं, गाडी शेपटी हलवल्यासारखी आडवी जाते आणि थांबत तर नाहीच. हर्ट यांच्या अहवालातही नेमकं हेच आढळलं होतं: संकट समोर दिसल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक प्रमाणाबाहेर दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा दाबलाच नाही.

हिशोब करून पाहा. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अचानक काही दिसल्यापासून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर संपले, म्हणजे दोन एसट्या एकामागे एक उभ्या करून वर थोडं. अजून ब्रेक लागलेलाच नाही. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा पुढे साधारण २४ मीटरांत थांबतो. फक्त मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवणाऱ्याला ४० मीटरही पुरत नाहीत. हा जो १६-१७ मीटरांचा फरक आहे, त्यातच समोरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं मागचं फळकूट उभं असतं.

मग वडील म्हणतात ते पूर्ण चूक का? नाही. ब्रेक एकदम झटक्याने आवळला, किंवा हँडल वळलेलं असताना खडीवर दाबला, तर पुढचं चाक निसटतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. त्यामुळे लिव्हर आवळायचा नाही, दाबत न्यायचा. लिंबू पिळताना जसा जोर हळूहळू वाढवतो, तसा. आधी वजन पुढे येऊ द्यायचं, मग जोर वाढवायचा. हँडल सरळ, नजर लांब.

गाडीला एबीएस आहे. तरी हे सगळं लागतं?

लागतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान कॉम्बी ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) सक्तीचा झाला, ही फार चांगली गोष्ट आहे. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून घाबरून जोरात दाबला तरी गाडी सरळ राहते. पण ओल्या रस्त्याला तो कोरडा करू शकत नाही, आणि खडीवर किंवा चिखलात थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. ब्रेक लिव्हर हाताखाली थरथरायला लागला की अनेक जण दचकून सोडून देतात. सोडायचा नाही. तो थरथरतो याचा अर्थ तो त्याचं काम करतोय.

सराव कुठे आणि कसा करायचा?

सकाळी रिकामं असणारं कुठलंही पक्कं मैदान चालेल. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट, बूट घालूनच. खडूने एक रेघ मारा. वीसच्या वेगात या, रेघेवर पुढचं चाक आलं की दोन्ही ब्रेक दाबत थांबा, पाऊल टाकून अंतर मोजा. दहा वेळा. मग तीस, मग चाळीस. थांबताना गाडी पहिल्या गिअरवर आलेली असली पाहिजे, कारण मागून कोणी येत असेल तर लगेच निघावं लागतं. प्रत्येक वेळी अंतर लिहून ठेवा. दोन रविवारांत ते आकडे स्पष्ट कमी होतात.

नंतर संथ चालवण्याचा सराव: चालत्या माणसाच्या वेगाने, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक यांच्यावर, आठचा आकडा. परीक्षेपुरता नाही, रोज पाच मिनिटं. बाजारातल्या गर्दीत पाय घासत चालवणारा आणि सहज निघून जाणारा यांच्यात एवढाच फरक असतो. नवीन गाडी घेतली, मित्राची घेतली, अगदी दोन महिन्यांनी आपलीच बाहेर काढली, तरी पहिली दहा मिनिटं ब्रेकला द्या.

पहिली गाडी कोणती घ्यावी? मुलगा थेट ३५०-४०० सीसीचा हट्ट धरून बसलाय.

१०० ते १२५ सीसी, दोन्ही पाय जमिनीवर टेकतील अशी उंची, आणि निदान एक वर्ष तीच.

माझं मत कडक आहे, त्याचं कारण सांगतो. युरोपीय संघात मोटरसायकलचं लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं. आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतचं, मग ३५ किलोवॉटपर्यंतचं, आणि त्यावर दोन वर्षं काढल्यावर कुठलीही गाडी. आपल्याकडे गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स एकच. शंभर सीसीवर आठचा आकडा काढून सकाळी पास झालेला मुलगा संध्याकाळी हजार सीसीची गाडी कायदेशीरपणे चालवू शकतो. कायदा टप्पे पाडत नाही, म्हणून ते घरातच पाडावे लागतात. जोरदार गाडीत वाईट काही नाही. पण तिथे थ्रॉटलची, म्हणजे वेग वाढवणाऱ्या मुठीची, छोटीशी चूकही मोठी होते, आणि पहिल्या वर्षात चुका होणारच असतात. त्या लहान गाडीवर होऊ द्या.

मुलगी सतरा वर्षांची आहे, क्लास लांब आहे. स्कूटर दिली तर चालेल ना? सगळेच देतात.

नाही. १६ वर्षं पूर्ण झाल्यावर जे लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या आहेत. त्यांना १८ वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

विम्याचंही ऐका. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसताना समोरच्या माणसाला इजा झाली, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. शेतजमीन विकायची वेळ येते.

क्लास लांब असेल तर सायकल, बस, नाहीतर तुम्ही स्वतः सोडणं. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॉटपर्यंतची विजेची दुचाकी असते, तिला लायसन्स लागत नाही. पण तीसुद्धा हेल्मेटशिवाय देऊ नका.

हेल्मेटने मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. शहरात तीसच्या वेगात खरंच गरज आहे का?

पुण्यात २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती सुरू केली तेव्हा हीच वाक्यं घेऊन माणसं रस्त्यावर आली होती. म्हणून मी हा प्रश्न गंभीरपणे घेतो. विचारणारे अडाणी नसतात, त्यांना त्रास खरोखर होत असतो.

त्रास बहुतेक वेळा मापाचा असतो. भुवयांच्या थोडं वरून डोक्याचा घेर टेपने मोजा आणि त्या सेंटिमीटरचं हेल्मेट घ्या. नवं हेल्मेट गालांना दाबून बसायला हवं. पट्टा लावून डोकं जोरात हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच सैल. अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी असेल तर हेल्मेट वरच तरंगतं. केस मानेवर खाली बांधा. घामाचा त्रास असेल तर आत सुती रुमाल बांधा आणि अस्तर दर पंधरा दिवसांनी धुवा. हॉर्न ऐकू येतो. तोंडावरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाजच उलट कमी होतो.

तीसच्या वेगाचं म्हणाल तर, डोकं रस्त्यावर आपटतं ते गाडीच्या वेगाने नव्हे, तुमच्या उंचीवरून. उभ्या गाडीवरून पडूनही कवटी फुटते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. आपल्याकडे २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू नोंदला गेला. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

खरेदी करताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. १ जून २०२१ पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणित नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी महामार्गाच्या कडेला दीडशे-दोनशे रुपयांत टोपल्या मिळतात. आतला थर्माकोलसारखा थर दाबून पाहा. तो नसेल तर ते हेल्मेट नाही. हनुवटी झाकणारंच घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी फेकून द्या, आतला थर एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. काळी काच रात्री नको.

आणि हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर किंवा कोपरात अडकवून चौक आला की घालणाऱ्यांना एकच विनंती. दंड एक हजार रुपये आहे, तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं, ते सगळं बाजूला ठेवा. खड्डा चौकात नसतो.

मागे बसणाऱ्याने काय काळजी घ्यायची? लहान मुलांचं काय?

आपल्याकडे बायका एका बाजूला बसतात, साडीमुळे दुसरा पर्याय नसतो. अशा वेळी अनोळखी गतिरोधकावर मागची व्यक्ती उडून डोक्यावर पडते, आणि चालवणाऱ्याला पन्नास मीटर पुढे गेल्यावर कळतं. असे अपघात गावाकडे मी स्वतः पाहिले आहेत. साडीगार्ड, मागच्याला धरायची कडी आणि पाय ठेवायची जागा हे नियमाने बंधनकारक आहे (केंद्रीय मोटार वाहन नियम १२३). दिसायला बरं वाटावं म्हणून साडीगार्ड काढून टाकणाऱ्या पोरांनी आईला मागे बसवू नये. पदर, ओढणी, स्कार्फ, रेनकोटचं टोक, सगळं खोचून घ्या. ओढणी चाकात अडकली की गळ्याला फास बसायला एक सेकंद लागतो.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२२ च्या अधिसूचनेने नियम आले: त्यांच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ४० च्या आत. मुलाला पुढे टाकीवर बसवू नका. ब्रेक लागला की तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं. ट्रिपल सीटबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, कायद्याने मागे एकच.

पहिल्या पावसात गाडी का घसरते?

महिनोन् महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल, रबराची भुकटी आणि धूळ पहिल्या सरीत वर येते. त्याचा साबणासारखा थर होतो. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर तो बराचसा वाहून जातो, त्यामुळे पहिला अर्धा तास चहाच्या टपरीवर घालवणं शहाणपणाचं. त्यानंतरही काही जागा पावसाळाभर दगा देतात: पांढरे रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, पुलांवरचे लोखंडी सांधे, रेल्वेचे रूळ, शेतातून ट्रॅक्टरने बाहेर आणलेला चिखल, सिमेंटच्या रस्त्याच्या कडेचं शेवाळ. यांवर गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता, थ्रॉटल स्थिर ठेवून जायचं.

साचलेल्या पाण्यातला खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही. पुढची गाडी कुठून जाते ते पाहा, तिचं चाक किती बुडतं ते पाहा. टायर गुळगुळीत झाला असेल तर पावसाआधी बदला. खाचांमध्ये लहान उंचवटे असतात, बाजूला "टीडब्ल्यूआय" लिहिलेलं असतं. टायर त्या उंचवट्यापर्यंत झिजला की संपला.

ताम्हिणी, आंबोली, माळशेजला जायचंय. घाटात नवख्याने काय लक्षात ठेवावं?

पहिल्या वर्षी पावसात घाट नको, हे आधी सांगतो. जाणारच असाल तर पुढचं वाचा.

वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. गाडी झुकलेली असताना टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होते, ब्रेकसाठी थोडीच उरते. वेग, गिअर, ब्रेक हे सगळं सरळ असताना आटोपून घ्यायचं आणि वळणात हलका थ्रॉटल धरून निघायचं.

डोळे जिथे जातात तिथे गाडी जाते. दरीकडच्या कठड्याकडे टक लावली तर गाडी कठड्याकडेच सरकते. वळण संपतंय तिकडे पाहा, मान वळवून. वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेलं तर घाबरून ब्रेक मारण्याऐवजी वळणाच्या बाजूचा हँडल हाताने किंचित पुढे ढकला, म्हणजे डावीकडे वळायचं असेल तर डावा. गाडी आणखी झुकते आणि वळते. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून आधी मैदानावर तीसच्या वेगात करून पाहा.

आता एक गोष्ट जी फार कमी जणांच्या लक्षात येते. आपण डावीकडून चालतो. उजव्या वळणावर मधल्या पट्ट्याला चिकटून गाडी झुकवली तर चाकं आपल्या बाजूला असतात, पण डोकं आणि खांदा पट्ट्यापलीकडे, समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत. डाव्या वळणावर वेग जास्त झाला की उलटं होतं, गाडी बाहेर फेकली जात पलीकडच्या बाजूला जाते. म्हणून उजव्या वळणात पट्ट्यापासून चांगलं डावीकडे राहा, डाव्या वळणात वेग आधीच पाडा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

धबधब्यांजवळ रस्त्यावर माणसं, कणसाच्या गाड्या, उलटं वळणाऱ्या कार असतात. तिथे वीसच्या वर जाऊ नका.

उतारावर न्यूट्रल करून सोडली तर पेट्रोल वाचतं ना?

ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते बरोबर आहे. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लांब उतारावर धरेनासे होतात. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडला की इंजिनाला पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. म्हणजे बचतही होत नाही.

रात्री चालवणं टाळता येत नाही. सगळ्यात मोठा धोका कुठला?

पश्चिम महाराष्ट्रात नोव्हेंबर ते मार्च याचं उत्तर एकच: उसाची गाडी. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला, आणि ऊस बाजूंना हातभर बाहेर आलेला. किंवा बैलगाड्यांची रांग. समोरून अप्पर मारत ट्रक आला की तीन-चार सेकंद डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही, आणि ट्रॉली नेमकी त्याच अंधारात असते. समोरचा प्रकाश आला की वेग पाडा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. तुमच्या दिव्याचा उजेड जिथपर्यंत पडतो त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग. साध्या हेडलाइटला तो पन्नासच्या आसपास येतो. कारखान्याच्या वाटेवर सांडलेला ऊस आणि पाचट टायरखाली गोल फिरतं, तेही ध्यानात ठेवा.

साखर कारखान्यांनी गाळप सुरू होताना प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला रिफ्लेक्टर लावून द्यावेत, ही मागणी आपण सगळ्यांनी आपापल्या कारखान्यात केली पाहिजे. काही ठिकाणी लावतात. जिथे लावत नाहीत तिथे विचारा.

ट्रक, एसटी, डंपर यांच्या जवळून कसं जायचं?

त्यांचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही. सगळ्यात वाईट जागा डावीकडची. डंपर डावीकडे वळण्याआधी थोडा उजवीकडे जातो, नवख्याला वाटतं वाट मिळाली, तो आत घुसतो आणि डंपरची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून वळतात. सिग्नलला थांबतानाही त्या फटीत उभं राहू नका. ओव्हरटेक उजवीकडूनच, समोरचा रस्ता पूर्ण दिसत असताना, आणि रेंगाळायचं नाही.

एक्स्प्रेस वेने बाइक नेली तर वेळ वाचेल का?

मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू यांवर दुचाकीला बंदी आहे. जुन्या महामार्गानेच जा.

संक्रांतीच्या दिवसांत मांजाचं काय करायचं?

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि गळे कापले जातात. डिसेंबर-जानेवारीत पूर्ण हेल्मेट, काच खाली, गळ्याभोवती जाड मफलर किंवा कॉलर. हँडलला बसवायची तारेची कमान मिळते, ती लावा. नागपूर, नाशिक, येवला अशा पतंगवेड्या भागांत उड्डाणपुलांवर वेग कमी ठेवा, तिथे दोरा नेमका छातीच्या उंचीवर येतो.

गोव्यात भाड्याने गाडी घेताना काय पाहावं?

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचा गुंता होतो. हर्ट यांच्या अहवालातली "नवी गाडी" ती हीच: दुसऱ्याची, ब्रेकची सवय नसलेली, रस्ता अनोळखी, बहुधा चप्पल घालून. निघण्याआधी दोन्ही ब्रेक, टायर, दिवे पाहा आणि दुकानदाराकडे हेल्मेट मागे बसणाऱ्यासाठीही मागा.

थोडी बिअर घेतली तर चालते का?

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. चारचाकीवाला त्या अवस्थेत निदान बसून राहतो, दुचाकीला सतत तोल लागतो. त्यामुळे माझं उत्तर शून्य. गाडी तिथेच ठेवा आणि रिक्षाने जा.

ग्रुप राइडमध्ये मागे पडायला होतं. जोर लावून गाठावं का?

नाही, आणि ज्या ग्रुपमध्ये तशी वेळ येते तो बदला. नवख्याची जागा पुढारी गाडीच्या लगेच मागे, दुसरी. वेग त्याच्या बेताचा. सगळ्यात मागे अनुभवी माणूस. एका रेषेत न चालता एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, मध्ये दोन सेकंदांचं अंतर. घाटात मात्र एकामागे एक. पुढच्या थांब्याचं ठिकाण आधी ठरलेलं असलं की कोणाला कोणाला गाठावं लागत नाही.

रीलसाठी व्हीली मारणाऱ्या, हात सोडून चालवणाऱ्या मुलांशीही मी बोलतो. ती वाईट मुलं नाहीत. त्यांच्यातल्या दोघांना मी ब्रेकचा सराव करायला बोलावलं, तर चाळीसवरून नीट थांबता येत नव्हतं. त्यांनाच ते पाहून धक्का बसला.

समोर अपघात झाला तर मदत करायला भीती वाटते. पोलीस अडकवतील का?

सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे निर्देश मान्य केले आणि आता कायद्यात १३४अ कलम आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही.

आधी मागून येणारी वाहनं थांबवा, नाहीतर दुसरा अपघात होतो. १०८ किंवा ११२ लावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, उचलून बसवू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका, फक्त काच वर करा. मानेला इजा असू शकते. श्वास थांबला असेल आणि काढावंच लागलं, तर एकाने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने हळूच ओढायचं. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवा. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत पहिल्या ७ दिवसांसाठी १.५ लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचारांची तरतूद आहे, ती रुग्णालयात विचारा.

दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. पुन्हा चालवायची भीती वाटते. वय ४२.

ताई, मैदानावर तुमच्यासारख्या बऱ्याच जणी येतात आणि त्या चांगल्या चालक होतात, कारण त्यांना पडणं काय असतं हे ठाऊक असतं. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी नुसती हाताने ढकलत फिरवा, स्टँडवर चढवा-उतरवा. वजनाची ओळख होते. दुसऱ्या दिवशी चालत्या माणसाच्या वेगाने सरळ जा आणि थांबा, शंभर वेळा. रस्त्यावर जायची घाई नको. तुम्ही कशामुळे पडलात ते आठवा (खडी, खड्डा, आडवा कुत्रा) आणि तेवढाच प्रसंग कोणाच्या तरी देखरेखीखाली संथ वेगात पुन्हा करून पाहा. कुत्रा आला तर हँडल झटकायचं नाही, सरळ राहून दोन्ही ब्रेक.

मुलगा आमचं ऐकत नाही. सांगून थकलो. काय करावं?

सांगू नका. एका रविवारी सकाळी त्याच्यामागे हेल्मेट घालून बसा आणि दहा किलोमीटर एक शब्द न बोलता फिरून या. तो आरशात किती वेळा पाहतो, वळणाआधी कुठे ब्रेक लावतो, कुठे तुमचा हात आपोआप कडीवर गेला, एवढंच लक्षात ठेवा. नंतर त्याला मैदानावर न्या, खडूची रेघ मारा आणि म्हणा, चाळीसवरून थांबून दाखव. अंतर त्यालाच मोजू द्या. मग तुम्हीही गाडी घ्या आणि त्याच रेघेवर थांबून दाखवा. बहुतेक घरांत बापाचा आकडा मुलापेक्षा मोठा येतो, आणि पुढच्या रविवारी दोघे मिळून सरावाला येतात.